मराठी आहे म्हणून चांगलं म्हणू नका

मावशीला कॅमेऱ्यासमोर बोलताना मी पहिल्यांदाच बघितलं. पिक्चर सुटला, आम्ही चौघी जिन्यावरून खाली आलो आणि दाराशी माईक घेऊन दोन पोरं उभी होती, काकू कसा वाटला, काकू दोन शब्द बोला ना. मावशी थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, अप्रतिम, सगळ्यांनी थिएटरमध्ये जाऊनच बघा, मराठी माणसाने मराठी पिक्चरला साथ दिलीच पाहिजे. पोरं खूश झाली. आम्ही पार्किंगमध्ये आलो, गाडीत बसलो, दार लावलं आणि मावशी म्हणाली, "इंटरव्हलनंतर मी झोपलेच गं, संपतच नव्हता."

मी म्हटलं, मग आत्ता काय बोललीस तिथे? तर म्हणते, "अगं, बिचारी मराठी पोरं आहेत, मेहनत केलीय, कशाला उगाच वाईट बोलायचं."

आता ही मावशी खोटं बोलणारी बाई नाही. भाजीवाल्याला दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगते की काल दिलेली मेथी जून निघाली. नाटक जमलं नाही तर मध्यंतरात उठून घरी येते आणि दोन दिवस त्यावर बोलते. हिंदी पिक्चर आवडला नाही तर हिरोच्या खानदानापर्यंत जाते. पण मराठी पिक्चर म्हटला की तिचा आवाज बदलतो, एकदम मऊ होतो, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर आपण बोलतो ना तसा. आणि हे तिचं एकटीचं नाही, माझंही हेच होतं, आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर हेच चालतं, ऑफिसात हेच चालतं. "कसा आहे?" "चांगला आहे, मराठी आहे, बघायला पाहिजे." या उत्तरात पिक्चरबद्दल एक शब्दही नसतो, आणि तरी आपण ते मत म्हणून पुढे पाठवतो.

मला यावर आज नीट बोलायचंय कारण मला मराठी पिक्चर मनापासून आवडतात आणि माझं ठाम मत झालंय की या दयेने मराठी सिनेमाचं जेवढं नुकसान होतंय तेवढं वाईट रिव्ह्यूने कधी झालेलं नाही.

त्या दिवशीचं पुढचं सांगते. मावशीच्या शब्दावर आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं त्या पिक्चरला गेली. शनिवारची संध्याकाळ, तिकीट अडीचशे रुपये, त्यात साधारण 38 रुपये नुसता टॅक्स, कारण शंभरच्या वरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये शंभर आणि त्याखालच्या तिकिटाचा जीएसटी 12 वरून 5 टक्के केला, पण शनिवारी संध्याकाळी शंभरचं तिकीट आमच्या भागात तरी मी बघितलेलं नाही. चार माणसांचे हजार झाले, मुलांना पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक म्हणजे अजून सात-आठशे, पेट्रोल आणि पार्किंग वेगळं. घरचा डबा आत नेता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंच आहे की बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्याला आहे, फक्त प्यायचं पाणी फुकट द्यायला पाहिजे. म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये. पगार येऊन हप्ते गेले की महिन्याला एवढे दोन हजार चैनीसाठी उरणारी घरं आहेत आमची, आणि त्या दोन हजारात तीन तास कंटाळून ती माणसं घरी आली. भांडली नाहीत कोणी. फक्त त्यानंतर महिन्याभराने एक खरोखर चांगला मराठी पिक्चर लागला आणि मी ग्रुपवर लिहिलं, जाऊया का, तर उत्तर आलं, "नको गं, ओटीटीवर येईल तेव्हा बघू." मी म्हटलं हा खरंच चांगला आहे. त्यावर कोणी काही बोललंच नाही, कारण "खरंच चांगला" हे शब्द आम्हीच आधी वापरून संपवले होते.

मग आपण म्हणतो मराठी प्रेक्षक मराठीला साथ देत नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि मला ते पटत नाही. 29 एप्रिल 2016 ला सैराट लागला तेव्हा कोणी साथ द्या म्हणून हात जोडले नव्हते. गाणी आधी गाजली होती हे खरं, पण नागराज मंजुळेने घेतलेली रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही दोन्ही नावं तोपर्यंत कोणाला माहीत नव्हती, आणि तरी लोक टेम्पो करून बघायला गेले आणि शंभर कोटींच्या पुढे जाणारा तो पहिला मराठी पिक्चर ठरला. आणि आठवा, सैराटबद्दल लोक काय बोलत होते? कोणी म्हणत नव्हतं की मराठी आहे म्हणून बघा. कोणी आर्चीच्या बुलेटबद्दल बोलत होतं, कोणी फर्स्ट हाफ भारी पण सेकंड हाफ स्लो म्हणत होतं, कोणी शेवटावरून भांडत होतं, आमच्या ऑफिसात तर शेवट बघून दोघीजणी दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. तक्रारी होत्या, वाद होते, आणि त्या वादाने पिक्चर घरोघर पोचला.

30 जून 2023 ला बाईपण भारी देवा आला तेव्हाही तेच. केदार शिंदेंचा पिक्चर, सहा बहिणींची गोष्ट, आणि दुसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त गर्दी. हे उलटं आहे बरं का, एरवी दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरते. ती वाढली कारण बायका घरी येऊन बहिणीला फोन करत होत्या, माहेरच्या ग्रुपवर लिहीत होत्या, आणि नुसतं छान आहे असं नव्हत्या लिहीत, त्या लिहीत होत्या की अगं यात तुझ्यामाझ्यासारखं आहे, आपण पाच वर्षं बोललो नाही ना तसं. माझी एक चुलत वहिनी साड्या ठरवून अकरा बायका घेऊन गेली आणि येऊन म्हणाली, गोष्ट काही ठिकाणी फार गोड गोड आहे पण मला रडू आलं, परत जाणार आहे. हे असं मत मला विश्वासाचं वाटतं. त्यात खोट सांगितलीय, म्हणून त्यातलं कौतुकही खरं वाटतं.

आता दुसरी बाजू. सिनेमावाल्यांचं म्हणणं असतं की मोठ्या हिंदी किंवा साऊथच्या पिक्चरला एखादं वाईट मत पचतं, आमचा छोटा पिक्चर शुक्रवारी सकाळी कोणीतरी "बोअर" म्हटलं की संध्याकाळपर्यंत मेला. यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. केरळमध्ये हे प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणजे ठरवून, पैसे घेऊन पिक्चर पाडणं, आणि कोर्टाने नेमलेल्या वकिलांनी 2024 मध्ये सुचवलं की पिक्चर लागल्यापासून 48 तास व्लॉगरनी, म्हणजे यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्यांनी, रिव्ह्यू टाकू नयेत. तमिळ निर्मात्यांनी तर मद्रास हायकोर्टाकडे पहिले तीन दिवस रिव्ह्यूच नकोत अशी मागणी केली होती, डिसेंबर 2024 मध्ये कोर्टाने तशी बंदी घालायला नकार दिला, लोकांना बोलायचा हक्क आहे म्हणून.

मला कोर्टाचं पटतं, आणि मराठीपुरतं बोलायचं तर अजूनच पटतं, कारण मराठी पिक्चरचं आयुष्यच मुळात तीन दिवसांचं असतं. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारी आकडे बघून शो कमी होतात, मंगळवारी दुपारचा एखादा उरतो. या तीन दिवसांत साध्या प्रेक्षकाने गप्प बसायचं म्हटलं तर बोलणार कोण? ट्रेलर बोलणार, प्रीमियरला बोलावलेले ओळखीचे कलाकार डोळे पुसत बोलणार, आणि पैसे घेऊन रील करणारे बोलणार. तीन दिवस त्यांचं ऐकून मी तिकीट काढणार आणि चौथ्या दिवशी मला कळणार की फसले. पैसे घेऊन पाडणारे असतील तर त्यांना जरूर पकडा, तो धंदा आहे आणि वाईट आहे. पण पैसे घेऊन चढवणं हाही धंदाच आहे, त्याबद्दल मात्र कोणी कोर्टात जात नाही.

आणि मेहनतीचं. मेहनत सगळेच करतात हो. वाईट पिक्चरलाही तेवढीच रात्रंदिवस माणसं राबलेली असतात, लाइटवाले, मेकअपवाले, सेटवरची पोरं, हे मान्यच आहे आणि त्याबद्दल आदर आहे. पण माझ्या बहिणीने स्वयंपाक केला आणि आमटीत मीठ जास्त झालं तर मी तिला सांगते, कारण उद्या परत तिच्याच हातचं जेवायचंय. परक्याकडे आपण छान आहे हो म्हणून उठतो. मराठी सिनेमाला आपण परक्यासारखं वागवायला लागलोय असं मला वाटतं, आणि वर त्यालाच प्रेम म्हणतोय.

बरं, नुसतं "बोअर" म्हणणं म्हणजे पण खरं मत नव्हे. हल्ली दोनच तऱ्हा झाल्यात, एक तर अप्रतिम नाहीतर फालतू. पाचपैकी साडेतीन स्टार. वन टाइम वॉच. पैसा वसूल. आणि त्याहून वाईट म्हणजे कोटी. आमच्या ऑफिसातला पंचविशीचा पोरगा पिक्चर बघून येतो आणि मला सांगतो पहिल्या दिवशी किती कमावले, वीकेंडला किती होतील, ओव्हरसीज किती. मी विचारते, तुला कसा वाटला ते सांग ना. तर तो जरा गडबडतो. म्हणजे त्याला मत नाही असं नाही, पाच मिनिटं खोदलं की छान बोलतो, पण आधी आकडा येतो, कारण आकडा सांगितला की चुकायची भीती नाही. डिसेंबर 2025 मध्ये धुरंधर हा हिंदी पिक्चर आला तेव्हा तर ज्यांनी काही नापसंत म्हणून लिहिलं त्यांच्या अंगावर लोक धावून गेले. साडेतीन तासांच्या पिक्चरमध्ये एखाद्याला एखादी गोष्ट खटकली तर त्यात एवढं काय चुकलं त्याचं? पैसे त्याने दिलेत, वेळ त्याचा गेलाय. या धाकाने साधी माणसं अजूनच मधलं गुळमुळीत बोलायला लागतात, छान होता, ठीक होता, बघू शकतो.

मला जे मत उपयोगी पडतं ते कसं असतं? माझी आई 72 वर्षांची आहे. 1 मे 2025 ला आता थांबायचं नाय लागला, मुंबई महापालिकेतल्या सफाई कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावी केली त्या खऱ्या घटनेवरचा. आई बघून आली आणि म्हणाली, "भरत जाधव एवढा शांत असू शकतो मला माहीतच नव्हतं. गोष्ट कुठे जाणार ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं, पण मला तरी बघावंसं वाटलं, कारण मला माझी दहावी राहिलेली आठवली." बस. एवढ्यात सगळं आलं. कोणाला जायचं, कोणी नाही गेलं तरी चालेल, काय आवडलं, काय आधीच कळलं. तिला कॅमेरा अँगल माहीत नाही, पटकथा हा शब्द ती वापरत नाही, आणि तिचं मत मला पंधरा रिव्ह्यूंपेक्षा जास्त सांगून गेलं.

आता खरं बोललं तरी ते पोचायला वेळ लागतो हेही मान्य करायला पाहिजे, आणि इथे चूक प्रेक्षकाची नाही. गेल्या वर्षी मी एका मराठी पिक्चरची तीन तिकिटं काढली, मंगळवार, संध्याकाळी सव्वासहा. ऑफिसातून लवकर निघाले, आईला रिक्षाने बोलावलं, पोचलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला मॅडम शो कॅन्सल, पाचच बुकिंग होती, रिफंड सात दिवसांत येईल. त्याच पडद्यावर त्याच वेळी हिंदी पिक्चर लावला होता. आई तिथल्या बाकड्यावर बसून राहिली, तिने केसात गजरा घातला होता. मी त्या मुलाला विचारलं उद्या आहे का, तो म्हणाला उद्या सकाळी दहा वीसचा आहे. बुधवारी सकाळी दहा वीसला कोण जाणार? मग शुक्रवारी बोर्ड उतरला आणि प्रेक्षकच नाहीत म्हणून बातमी झाली.

हे भांडण जुनं आहे. 1971 मध्ये दादा कोंडक्यांच्या सोंगाड्याला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळत नव्हती, शेवटी बाळासाहेब ठाकऱ्यांनी मध्ये पडून ती मिळवून दिली. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सला प्राइम टाइममध्ये मराठी पिक्चर लावायची सक्ती करायचं ठरवलं, आधी संध्याकाळी 6 ते 9 म्हणाले, मग आरडाओरडा झाल्यावर दुपारी 12 ते रात्री 9 अशी वेळ सैल केली, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाला नको तो दुपारी साडेबाराचा शोसुद्धा प्राइम टाइममध्ये धरला जाणार. जुलै 2025 मध्ये मराठी येरे येरे पैसा 3 आणि हिंदी सैयारा एकाच दिवशी आले आणि परत तेच, मराठीचे शो काढले, आंदोलनाचे इशारे, पत्रकार परिषदा. मला वाटतं सोंगाड्याच्या गोष्टीतला अर्धाच भाग आपण सांगत राहतो. थिएटर मिळवून दिलं कोणीतरी, हे खरं. पण पुढे आठवड्यामागून आठवडे तो चालवला तो बघून आलेल्या माणसांनी, त्यांनी चाळीत, गिरणीत, कट्ट्यावर जाऊन सांगितलं आणि मुख्य म्हणजे ते सांगणं पोचेपर्यंत पिक्चर तिथेच लागलेला होता.

म्हणून मागायचंच असेल तर मी शंभर शो मागणार नाही. एका पिक्चरला एका शहरात दोनच पडदे द्या, पण संध्याकाळी सात-साडेसातचा एक शो दोन आठवडे हलवू नका. पाच माणसं आली तरी लावा. शुक्रवारी बघितलेली बाई रविवारी बहिणीला सांगेल, बहीण बुधवारी ठरवेल, पुढच्या शनिवारी सहा जणी येतील, एवढा साधा हिशोब आहे. आणि निर्मात्यांनीही एकमेकांच्या अंगावर पिक्चर आणू नयेत. 12 सप्टेंबर 2025 या एका शुक्रवारी दशावतार, आरपार आणि बिन लग्नाची गोष्ट असे तीन मराठी पिक्चर लागले, शिवाय त्याच दिवशी डीमन स्लेअर हा जपानी ॲनिमे, ज्याचे शो पोरांनी पहाटे उठून बघितले. एका घरातून एका आठवड्यात एकच पिक्चर होतो. तिन्हींच्या माणसांनी मराठीला साथ द्या म्हटलं तर आम्ही नक्की कोणाला देणार होतो?

त्या आठवड्यात मी काहीच बघितलं नव्हतं. ऑफिसात क्लोजिंग चालू होतं. मंगळवारी रात्री नऊला मावशीचा फोन आला, तीच मावशी, आणि या वेळी तिच्या आवाजात तो मऊपणा नव्हता. ती दशावतार बघून आली होती. म्हणाली, "शेवटी शेवटी फार ताणलाय, सगळं समजावून सांगत बसतात, आपल्याला कळतं की. पण तो प्रभावळकर! 81 वर्षांचा माणूस आहे तो. डोळे अधू झालेला बाबुली आणि तरी तोंडाला रंग लावून उभा राहतो ना, मला बाबांची आठवण आली गं, बाबा असेच शेवटपर्यंत पेटी वाजवायचे, बोटं वळत नव्हती तरी." मग ती आजोबांबद्दलच वीस मिनिटं बोलली, मध्येच पिक्चरवर यायची, परत आजोबांवर जायची, कोकणातलं रान कसं दाखवलंय ते सांगायची, परत म्हणायची शेवट मात्र कापायला हवा होता.

फोन ठेवला आणि मी तिकिटं बघायला बसले. आई, मी, नवरा, मुलगी आणि मावशी, कारण ती परत येते म्हणाली. आमच्या जवळच्या थिएटरात दुसऱ्या दिवशीचा रात्री नऊ चाळीसचाच शो मोकळा होता. पाच तिकिटं काढली आणि आईला सांगितलं उद्या दुपारी थोडी झोपून घे.